अरण्यरक्षणाचा जमाखर्च : डहाणू-तलासरीच्या निमित्ताने

राष्ट्रीय उद्यानांचे मोल कशात मोजावे, आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारी खजिन्यातून होणारा खर्च कमी केला असता त्याचे परिणाम कोणाला, केव्हा व किती भोगावे लागतात, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत नव्याने ऐरणीवर आला आहे. ज्या अमेरिकेने १८७२ साली यलोस्टोनचा प्रदेश राखून ठेवून या कल्पनेचा पाया घातला, त्याच देशात फेब्रुवारी २०२५ मध्ये उद्यानसेवेतील सुमारे १,००० नवख्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले, आणि पुढील आर्थिक वर्षासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या कपातीचा प्रस्ताव मांडला गेला. आणि हे अशा वेळी घडले की, आदल्याच वर्षी त्या सेवेच्या ताब्यातील स्थळांना लोकांनी दिलेल्या भेटींची संख्या ३३ कोटींच्या घरात जाऊन आजवरचा उच्चांक ठरली होती.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत राष्ट्रीय उद्यान नाही. असे असता या प्रश्नाचा आढावा याच भूमीवरून का घ्यावा, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, उद्यानाच्या नावाने खर्चाचे स्वतंत्र सदर असते, म्हणून तेथील कपात निदान कागदावर दिसते, तिच्यावर विधिमंडळात प्रश्न विचारता येतो, वर्तमानपत्रात लिहिता येते. परंतु ज्या अरण्याला कायद्याने संरक्षण दिले आणि त्या संरक्षणाबरोबर खर्चाची तजवीज मात्र केली नाही, तेथे काटकसरीचा आघात दप्तरात कोठेच नोंदला जात नाही. डहाणूची कथा ही अशा संरक्षणाची कथा आहे, आणि म्हणूनच या वादातील सर्व धागे तेथे एकत्र आलेले दिसतात.

पार्श्वभूमी

हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हेली या गव्हर्नरच्या नावाने कुमाऊंच्या पायथ्याशी स्थापन झाले. तेच आजचे कॉर्बेट. मुंबई राज्याने १९५० साली राष्ट्रीय उद्यानांसंबंधी स्वतंत्र कायदा केला, १९५५ साली ताडोबा हे आजच्या महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साऱ्या देशासाठी एक चौकट आखून दिली. आज महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी डहाणूला सर्वांत जवळचे ते बोरिवलीचे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी उद्यान.

डहाणूच्या जंगलाचा इतिहास मात्र उद्यानांच्या इतिहासाहून जुना आणि अधिक क्लेशकारक आहे. १८७८ च्या वनकायद्यान्वये ठाणे जिल्ह्यातील डोंगर राखीव होऊ लागले, तेव्हा भाताच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या तोडून जमिनीवर भाजण्याची, म्हणजे राबाची जी वहिवाट वारली, कोकणा आदी शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, तिच्यावर निर्बंध आले. आणि तक्रारी इतक्या वाढल्या की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला एक आयोग नेमावा लागला, ज्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे एकसाली पट्ट्याने जंगलजमीन कसणारे वारली हे दरवर्षी अंमलदाराच्या मर्जीवर अवलंबून राहिले. १९४५ च्या मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली, ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, आणि किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ज्याची हकीकत पुढे लिहून ठेवली त्या लढ्यात जमीनदारांच्या वेठीइतकाच जंगल-ठेकेदारांकडील मजुरीच्या दराचाही प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ठेकेदारांना दूर सारून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढल्या. हा पूर्वेतिहास सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, या तालुक्यांतील माणसाने ‘राखीव’ हा शब्द प्रथम ऐकला तो आपल्याला वगळणारा हुकूम म्हणून, आणि आजही रक्षणाच्या कोणत्याही योजनेकडे तो त्याच आठवणीतून पाहतो.

डहाणूची वेगळी वाट

१९८९ साली डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राला मंजुरी मिळाली, आणि चिकूच्या वाड्या, मासेमारीची खाडी व मागचे जंगल यांचे काय होणार, या चिंतेतून स्थानिक बागायतदार व पर्यावरणप्रेमी मंडळी न्यायालयात गेली. वीजकेंद्र थांबले नाही. परंतु २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करणारी अधिसूचना काढली. मुरूड-जंजिरा व दून खोरे यांच्यानंतर अशा प्रकारच्या घोषणेचा मान डहाणूला मिळाला; महाबळेश्वर-पाचगणी व माथेरान यांची पाळी त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आली. या अधिसूचनेने तालुक्यातील उद्योगांचे एकूण क्षेत्र ५०० एकरांपुरते मर्यादित केले, उद्योगांची वर्गवारी केली, आणि तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त राखण्याची अट घातली, ज्यामुळे शेजारच्या तलासरीवरही तिची छाया पडली.

अधिसूचना निघाली, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणार कोण? पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निर्णय दिला, आणि त्यानुसार त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. धर्माधिकारींनी २०१९ साली झालेल्या निधनापर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, हे पद सांभाळले. १९९८ साली डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण येथे बंदर बांधण्याचा एका परदेशी कंपनीचा प्रस्ताव या प्राधिकरणाने नाकारला. वीजकेंद्राच्या धुरातील गंधकवायू काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरला आणि २००७ साली ती बसवून घेतली. रस्त्यासाठी वा वीजवाहिनीसाठी झाडे तोडायची झाल्यास त्याची सुनावणी डहाणूत जनतेसमोर होऊ लागली. एखाद्या राष्ट्रीय उद्यानाच्या बंदोबस्तास जो नोकरवर्ग लागतो त्याचा अंशही हाताशी नसताना एका संस्थेने एका अख्ख्या तालुक्याचे राखण केले, ही गोष्ट माझ्या मते महाराष्ट्राच्या पर्यावरणाच्या इतिहासात फार मोठी आहे.

परंतु तिची मर्यादाही येथेच आहे. अधिसूचना काय करू नये ते सांगते. वणवा विझवणे, बिबट्याने मारलेल्या शेळीचा पंचनामा करणे, चोरीच्या खैराची गाडी रात्री अडवणे, ही कामे अधिसूचनेने होत नाहीत. त्यांना माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. केंद्रीय पर्यावरण खात्याने प्राधिकरण विसर्जित करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धर्माधिकारींच्या पश्चात पुनर्रचित झालेल्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी, काही अटी घालून, वाढवण बंदराच्या नव्या प्रस्तावास संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली.

मोल कसे मोजावे

राखलेल्या अरण्याचे मोल सांगण्याची सर्वांत जुनी रीत पाण्याची आहे. मुंबईचे विहार तळे १८६० साली आणि तुळशी तळे १८७९ साली पुरे झाले. आज ती दोन्ही बोरिवलीच्या उद्यानाच्या हद्दीत येतात, आणि त्यांच्या पाणलोटात वस्ती झाली नाही म्हणूनच ते पाणी शहराला मिळत राहिले. डहाणूच्या पूर्वेकडील डोंगरांतून वाहणाऱ्या सूर्या नदीचे पाणी आता वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठीच्या पाणीयोजनेला जाते. तलासरीचे कुर्झे धरणही डोंगरावरील झाडोऱ्याच्याच भरवशावर गाळापासून वाचते. नळ उघडणाऱ्या शहरवासीयाला मात्र या पाणलोटाचे नावही ठाऊक नसते.

दुसरी रीत अर्थशास्त्र्यांची. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ साली कॉर्बेट, कान्हा, काझीरंगा, पेरियार, रणथंभोर व सुंदरबन या सहा व्याघ्र प्रकल्पांची पाहणी करून असे मांडले की, पाणी, मृदा, कर्बसाठा, उपजीविका, पर्यटन अशा लाभांचे मूल्य एकेका प्रकल्पातून दरसाल सुमारे ८३० कोटींपासून १,७६० कोटी रुपयांपर्यंत जाते. पुढच्या टप्प्यात आपला मेळघाटही मोजला गेला. अमेरिकेच्या उद्यानसेवेने २०२३ सालाचा हिशेब मांडला तेव्हा पर्यटकांनी उद्यानांच्या परिसरात २६ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केल्याचे आढळले. अशा आकड्यांचा उपयोग मंत्रालयातील वित्त विभागापुढे होतो यात संशय नाही. पण त्यांतील पुष्कळसा भाग गृहीतकांवर उभा असतो, आणि कोणाच्याही खिशात तो रोख येत नाही, ही त्यांची दुर्बलता टीकाकार दाखवतात व ती खरी आहे.

तिसऱ्या रीतीला आकडाच नाही. ठाणे, पालघर व मुंबई उपनगरांत अभ्यासकांनी वाघोबाची १५० हून अधिक ठाणी नोंदवली आहेत. लाकडाच्या वा दगडाच्या फळीवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले हे देव वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या गावशिवारात उभे असतात, वाघबारसेला त्यांची पूजा होते, आणि माणसाने बिबट्याशी कसे राहावे याचा एक अलिखित करार त्या पूजेत सामावलेला असतो. पट्टेरी वाघ या जंगलांतून गेला, बिबट्या राहिला, आणि वाघोबा दोघांचाही देव राहिला. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ज्या रेषा जगभर नेल्या, त्या रेषांतील झाड, पाखरू आणि शेत याच भूमीचे होते. या श्रद्धेमुळे जे नुकसान सोसले जाते, ज्या शेळीची भरपाई कोणी मागितलीच नाही, तो वास्तविक सरकारी खजिन्यास गरिबांनी दिलेला अनुदानाचा हप्ता आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकात जमेस धरलेला नाही, याची मला खंत वाटते.

काटकसरीचा मार्ग

आता खर्चाकडे वळू. केंद्राच्या अंदाजपत्रकात व्याघ्र प्रकल्पासाठी २०१९-२० मध्ये ३५० कोटी, २०२०-२१ मध्ये ३०० कोटी व २०२१-२२ मध्ये २५० कोटी रुपयांची तरतूद होती; पुढे व्याघ्र व हत्ती हे दोन्ही प्रकल्प एकत्र करण्यात आले आणि २०२३-२४ साली दोहोंसाठी मिळून सुमारे ३३२ कोटी ठेवण्यात आले. महासाथीच्या वर्षांत सर्वच खात्यांवर ताण होता हे मान्य करूनही, ही उतरण नजरेआड करता येत नाही. याहून खोल बदल २०१५-१६ मधला. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना करांतील वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के करून दिला, आणि त्याबरोबर केंद्रपुरस्कृत योजनांत केंद्राने आपला भाग बहुतेक राज्यांसाठी ६० टक्के ठरवून उरलेला ४० टक्के भार राज्यावर सोपवला. तत्त्वतः राज्याच्या हाती पैसा अधिक आला. तो वनांकडे वळला की नाही, हे ज्या त्या राज्याच्या इच्छेवर राहिले.

डहाणूचा वनविभाग हा प्रादेशिक विभाग आहे, वन्यजीव शाखेचा नव्हे, त्यामुळे वाघाच्या नावाने येणाऱ्या या रकमांशी त्याचा संबंध येत नाही. येथे काटकसर येते ती निराळ्या पावलांनी. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढण्याचे काम पौष-माघात उरकावे लागते, कारण फाल्गुनापासून पानगळ होऊन डोंगर पेटण्याजोगा होतो. मंजुरीचा कागद मार्चअखेरीस आला तर रक्कम खर्ची पडते, हिशेब जुळतो आणि डोंगर जळतो. वनरक्षकाची जागा रिक्त राहिली की त्याच्या बीटाचा, म्हणजे गस्तीच्या हद्दीचा, भार शेजारच्यावर पडतो, आणि दोन बीटे सांभाळणारा माणूस दोन्हींपैकी एकही सांभाळू शकत नाही. कपातीचा पहिला घाव कायम नोकरांवर पडत नाही, रोजंदारीवरील वनमजुरांवर पडतो. हे मजूर वारलीच असतात, आणि जंगलातले काम नसले की दिवाळीनंतर तेच कुटुंब वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर किंवा इमारतीच्या बांधकामावर जाते. त्यामुळे या तालुक्यांत वनखर्चाची कपात ही स्थलांतराचीही गोष्ट होते, मुलांच्या शाळेचीही होते.

समुद्राच्या बाजूला असेच आणखी एक उदाहरण आहे. पावसाळ्यात डहाणूच्या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे वाहून येतात. त्यांच्यावर उपचार करणारे केंद्र वनखाते व एक स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून चालवतात. सरकारी तरतुदीच्या जोडीला स्वयंसेवकांचे श्रम आहेत म्हणून ते चालते, आणि अशा श्रमाची किंमत सरकार गृहीत धरते, हेही या प्रश्नाचे एक अंग आहे.

मतांचे प्रवाह

पैसा कोणी व कोठून द्यावा, याविषयी मुख्यतः चार मते आढळतात.

पहिले मत असे की, वनरक्षण हे संरक्षण व न्याय यांसारखे राज्याचे मूळ कर्तव्य आहे, त्याचा लाभ सर्वांना मिळतो म्हणून त्याचा खर्च सर्वांच्या करातून व्हावा, आणि तो उत्पन्नावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. निवृत्त वनाधिकारी आणि वन्यजीव अभ्यासक यांचा कल बहुधा या बाजूला असतो.

दुसरे मत स्वावलंबनाचे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापून प्रवेशशुल्काचे उत्पन्न तेथेच वापरण्याची मुभा दिली, आणि ताडोबात याचा चांगला उपयोग झाला. गावांना गॅसजोडण्या, कुंपणे, तरुणांना मार्गदर्शकाचे काम मिळाले. या मताचे सामर्थ्य असे की, पैसा दिल्ली-मुंबईच्या वाटेने न येता जागच्या जागी राहतो. परंतु वाघ दिसतो म्हणून ताडोबाला प्रवासी जातात. इकडच्या आशेरी गडाच्या उतारावरचा बिबट्या रात्री हिंडतो आणि कोणाला दिसत नाही. ज्या जंगलाकडे प्रवासी येत नाही त्याने काय करावे, याला या मताकडे समाधानकारक उत्तर नाही.

तिसरे मत प्रकल्पांकडून वसूल होणाऱ्या भरपाईकडे बोट दाखवते. जंगलजमीन अन्य कामासाठी वळवली की प्रतिपूरक वनीकरणाचे शुल्क जमा होते. २०१६ च्या कायद्यानंतर, २०१९ साली केंद्राने साठलेल्या या निधीतून राज्यांना ४७,००० कोटींहून अधिक रक्कम दिली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. रक्कम नियमित अंदाजपत्रकाच्या तुलनेने मोठी आहे. डहाणू-तलासरीतून मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग जातात. यांपैकी अतिवेगवान रेल्वेच्या प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे व पालघर मिळून सुमारे २२,००० कांदळवृक्ष तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. म्हणजे निधीची आवक आहे. आक्षेप असा की, हा निधी जंगल तुटले तरच वाढतो, आणि येथे तुटलेल्या झाडाच्या बदल्यात लावायचे झाड याच तालुक्यात लावले पाहिजे असे सक्तीचे बंधन नाही.

चौथे मत ग्रामसभेचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनक्षेत्राचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली तो मिळवून बांबूच्या उत्पन्नातून कारभार करून दाखवला. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील, तलासरीत तर दहांत नऊ माणसे आदिवासी. आणि आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याची पद्धत महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांची मागणी अग्रस्थानी होती, आणि या दोन तालुक्यांत तिला जुना आधार आहे. वनखात्यातील काहींना भीती वाटते की, वैयक्तिक पट्ट्यांनी जंगलाचे तुकडे पडतील. ग्रामसभेचे समर्थक म्हणतात की, हक्क अनिश्चित राहिला म्हणूनच तुकडे पडले. मला स्वतःला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते, कारण १८८७ पासूनचा इतिहास त्याला पुष्टी देतो; तथापि डहाणूच्या जंगलात गडचिरोलीच्या बांबूसारखे रोख उत्पन्नाचे साधन नाही, आणि केवळ हक्काने वणवा विझत नाही, हे त्या बाजूनेही पूर्णपणे हिशेबात घेतलेले दिसत नाही.

या चारही मतांबाहेर उभे राहून बोलणारा एक मोठा समाज आहे, ज्याचे म्हणणे असे की, तीस वर्षे उद्योगबंदीने डहाणूच्या तरुणाला वापी-बोईसरची वाट धरायला लावली, तेव्हा बंदर व रोजगार हेच प्रथम. किनाऱ्यावरच्या गावांतील मच्छीमार मात्र बंदराच्या भरावाने आपली जाळी टाकण्याची जागा जाईल म्हणून विरोधात उभे आहेत. दोघांचीही चिंता पोटाची आहे, आणि एकाला विकासविरोधी व दुसऱ्याला निसर्गद्रोही म्हणून हा विषय पुढे सरकत नाही.

जे अद्याप ठरलेले नाही

सूर्येचे पाणी पिणाऱ्या शहरांनी पाणीपट्टीतून काही हिस्सा पाणलोटाच्या गावांना द्यावा का, हा प्रश्न तत्त्वतः सोपा आणि व्यवहारात अवघड आहे, कारण पाणी जलसंपदा खात्याचे, जंगल वनखात्याचे, जमीन महसुलाची आणि गाव ग्रामविकासाचे. संवेदनशील क्षेत्राच्या घोषणेबरोबर वार्षिक खर्चाची हमी असावी की नाही, याचा निर्णय १९९१ मध्ये झाला नाही, महाबळेश्वर-माथेरानच्या वेळीही झाला नाही, आणि पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला तेव्हाही वाद सीमा व निर्बंध यांभोवतीच फिरत राहिला. बंदराच्या संमतीबरोबर ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांवर पुढील तीस वर्षे देखरेख कोणत्या यंत्रणेने, कोणाच्या खर्चाने ठेवायची, आणि ज्या प्राधिकरणाने त्या घातल्या त्याचे स्वतःचे आयुष्य किती, हेही निश्चित नाही.

आणि एक बाब वित्ताची. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ठरवताना वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला होता. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी तो १० टक्के केला. म्हणजे आज महाराष्ट्राला केंद्राकडून जे मिळते त्यातला काही भाग राज्यातील उभ्या जंगलामुळेच मिळतो, आणि त्यात डहाणू-तलासरीच्या डोंगरांचाही अंश आहे. तो अंश किती, हे जिल्हावार काढता येण्याजोगे गणित आहे. मात्र त्यातला एक रुपयाही त्या डोंगरांवरच्या बीटासाठी वा ग्रामसभेसाठी राखून ठेवण्याचे बंधन राज्यावर नाही.